टेनेसीहून येणारी कार्डं

माझ्या भावानं अमेरिकेतून आईला पाठवलेली कार्डं सगळी जुनी होती. आज जुनी झालीत असं नव्हे, पाठवली तेव्हाच जुनी होती. टेनेसी नावाच्या दक्षिणेकडच्या राज्यात तो एका वीजकेंद्रात इंजिनीअर होता. तिकडे शनिवारी सकाळी लोक आपापल्या दारात नको असलेलं सामान विकायला मांडतात. दादा तिथे जाऊन बुटांच्या खोक्यांतून ही कार्डं उपसून आणायचा. कोरी, कुणी न वापरलेली, बहुतेक त्याच्या जन्माआधी छापलेली. दुकानात नवी मिळत असताना ही शिळी कशाला, असं मला वाटायचं. पण ते मी त्याला विचारू शकत नव्हते, कारण मी त्याच्याशी बोलत नव्हते.

हे सगळं लेस्टरमधलं, ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, नवरा जीपी, मुलगी इथेच जन्मलेली, आणि आई आमच्याकडे. वडील गेल्यावर मी तिला पुण्याहून घेऊन आले ती कायमचीच.

कार्डांचा कागद मांजरपाटासारखा खरखरीत असायचा आणि रंग असे भडक की काही विचारू नका. आकाश दर कार्डावर तेच, खाली पिवळं, वर निळं आणि मध्ये दोन गुलाबी ढग. काळ्यापांढऱ्या फोटोवर कुणीतरी बसून रंग भरलेत, हे आंधळ्यालाही कळावं. धुरकट निळ्या डोंगरांचं एक होतं. ते बघून माझी मुलगी तिच्या मराठीत विचारायची, “आजी, हा डोंगर जळते का?” जमिनीच्या पोटातला एक धबधबा होता, त्यावर लाल-हिरवे दिवे सोडलेले. एका कड्याच्या कार्डामागे छापलं होतं की इथे उभं राहिलं की सात राज्यं दिसतात. “सात?” आई म्हणाली, “मला पर्वतीवरून आपलं घर कधी दिसलं नाही.” मेम्फिसचा लांबलचक पूल होता आणि त्याच्याखाली मिसिसिपी, दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाची. रस्त्याकडेची मोटेलं तर किती तरी, प्रत्येकासमोर निळाभोर पोहायचा तलाव आणि काठावर टोप्या घातलेल्या हसऱ्या बाया.

नॅशव्हिल गावात ग्रीक देवळाची हुबेहूब नक्कल बांधलीय, त्याचंही एक कार्ड आलं. आईनं ते आधी कपाळाला लावलं आणि मग विचारलं, “आत देव कोणता?” धरणाचं कार्ड मात्र तिनं शेकोटीवरच्या मँटलपीसवर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पानशेतचं पाणी डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला कुणी धरणाचं चित्र पाठवतं का? दादाला एवढं कळायला हवं होतं. पण त्याला काही सुचवायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

त्या चित्रांतल्या गाड्या बोजड, गोल पाठीच्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या. आईला कार्डं जुनी आहेत हे काही केल्या पटेना. ती शेजारच्या गुजराती बेनना सांगायची, “मुलीकडे नवी गाडी आहे हो, मुलाचं तिकडे अजून असलंच काहीतरी चाललंय.” मी हसायचे. दादाची कीव केली जातेय याचं मला थोडं बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता भांडणाचं सांगते. वडील पुण्यात अचानक गेले. मी लेस्टरहून दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांना बर्फावर ठेवलं होतं आणि सगळे थोरल्या मुलाची वाट बघत होते. शेजाऱ्यांच्या फोनवरून मोठ्या मिनतवारीनं टेनेसीचा कॉल लागला. दादा म्हणाला, “मला येता येणार नाही.” का ते तो सांगणार होता. “ऐक,” असं म्हणालाही. पण माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, “मग आजपासून मला भाऊ नाही. तूही मेलास असं समजते मी.” भरल्या घरात, दहाबारा माणसांसमोर, मी हे बोलले आणि फोन ठेवला. चुलत भावानं अग्नी दिला. दादाला का येता आलं नाही ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी हट्टानं एक चाल सुरू केली. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी मी ओवाळायला लागले. द्वितीयेची कोर ती, सूर्य मावळल्यावर जेमतेम तासभर दिसते, आणि लेस्टरचं आकाश तेवढंही दाखवेल याची खात्री नसते. तरी मी ताट घेऊन मागच्या गार्डनमध्ये उभी राहायचे. आई चिडायची. “जिवंत भाऊ असताना चंद्राला ओवाळतेस, लाज नाही वाटत?” मी म्हणायचे, “मला भाऊ नाही.” सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं पुटपुटत ती आत जायची.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची वेटिंग लिस्ट लांबलचक. चित्र तिला रंगांमुळे कळायचं, पण अक्षरं नाहीत. म्हणून कार्ड आलं की मी तिला वाचून दाखवायचे, आणि ती सांगेल ते उत्तरही मीच लिहायचे. म्हणजे अबोला धरलेल्या भावाबहिणीमध्ये येणंजाणं होतं ते एवढंच, आणि ते माझ्या डोळ्यांतून आणि माझ्या हातातून. दादा हे पुरतं जाणून होता.

त्याचा मजकूर ठरलेला. तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, हे अमुक ठिकाणचं चित्र, आमच्या घरापासून इतक्या मैलांवर, एकदा जाऊन आलो, तब्येतीला जप. पण दुसऱ्या वर्षापासून कार्डाच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ यायला लागली. “वाचणाऱ्यास: आईला थंडी सोसत नाही, रात्री मोजे घालायला द्यावे.” मग पुढच्या कार्डावर, “वाचणाऱ्यास: तिकडे फार बर्फ पडला असं बातम्यांत पाहिलं, गाडी जपून चालवावी.” उघडं कार्ड, दोन देशांच्या पोस्टमननी हाताळलेलं, पण मराठी वाचणार कोण? ती ओळ फक्त माझ्यासाठी होती. मी ती आईला कधी वाचून दाखवली नाही. स्वतः मात्र किचनमध्ये जाऊन पुन्हा वाचायचे, कधी दोनदा, कधी दहादा.

असं तीन वर्षं चाललं. उत्तराला माझ्याकडून एक अक्षर नाही. मग एका उन्हाळ्यात आईचं पत्र लिहून झालं आणि काय मनात आलं कोण जाणे, मी खाली लिहिलं, “लिहिणारीकडून: मोजे आणले.” तीन वर्षांपूर्वीच्या ओळीचं उत्तर. विचार बदलायच्या आत पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आले. परत येताना माझे कान तापले होते. आता पुढच्या कार्डावर काय येतं, याची मी वाट बघायला लागले. घरी कुणाला सांगितलं नाही, पण लेटरबॉक्स वाजला की माझं लक्ष तिकडेच.

ते कार्ड आलं ऑक्टोबरात, आणि मी घरी नव्हते.

मी थिएटरमध्ये होते. एका आजोबांचा खुबा बदलायला घेतला होता. नर्सनं येऊन सांगितलं की घरून फोन आहे, शेजारच्या बाई आहेत, तुमच्या आई फार रडतायत. दुसऱ्या डॉक्टरला बसवून मी निघाले. घरी आले तर आई हॉलमध्ये, रेडिएटरला पाठ लावून फरशीवर बसलेली. डोक्यावरून पाणी घेतलं होतं तिनं, केस गळत होते, ओलं लुगडं तसंच अंगावर. मी पुढे झाले तशी हात आडवा करून म्हणाली, “शिवू नकोस. आधी आंघोळ कर.”

“कोण गेलं?” मी विचारलं.

“दादा गेला गं.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. डॉक्टर झाल्यापासून किती मरणं पाहिली, कधी डगमगले नाही, पण त्या क्षणी मला फक्त माझंच वाक्य ऐकू येत होतं. तूही मेलास असं समजते मी. मी बोलले होते, आणि आता ते झालं होतं. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा शरम.

मी विचारलं, “फोन कुणी केला? वहिनीनं?”

“फोन नाही. कार्ड आलं.”

“कसलं कार्ड?”

“कोपरा फाटलेलं,” आई म्हणाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे माणूस गेल्याचं कळवायचं कार्ड कोपरा फाडून टाकत. म्हणजे वाचायच्या आधीच घेणाऱ्याला कळावं. असं कार्ड घरात ठेवत नाहीत. दाराशी उभं राहून वाचायचं, तिथेच फाडायचं आणि डोक्यावरून आंघोळ करायची. आईला तिच्या वडिलांचं असंच कळलं होतं, थोरल्या बहिणीचंही. त्यातून आमच्या लेस्टरच्या घरी पत्र दारातल्या फटीतून थेट आतच पडतं. उंबरठ्याबाहेर थोपवायची सोयच नाही. तिनं मॅटवरून ते दोन बोटांत उचललं, चित्रावरून अमेरिकेचं ओळखलं, बोटाला फाटका कोपरा लागला, आणि संपलं. मागच्या दाराबाहेर नेऊन तिनं त्याचे बारीक बारीक तुकडे केले. वाचता तर येतच नव्हतं, आणि वाचायला उरलं होतं काय?

आता मला राग आला. “अगं, कुणी गेलं तर हल्ली कार्ड पाठवतात का? फोन करतात.” ती म्हणाली, “तुझ्या वडिलांच्या वेळी फोन करून काय उपयोग झाला?” मी फोनकडे वळले. टेनेसीचा नंबर फिरवला. पाच वर्षांत पहिल्यांदा. तिकडे सकाळ होती. वहिनीनं उचलला.

“दादा कुठे आहे?” मी विचारलं.

“आत्ता गाडी घेऊन कामावर गेले. का हो? आई बऱ्या आहेत ना?”

“हो, बरी आहे. तिला वाईट स्वप्न पडलं, म्हणून फोन केला,” असं सांगून मी घाईनं ठेवून दिला. आईला म्हटलं, “जिवंत आहे तुझा मुलगा. ऊठ, लुगडं बदल.” ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आधीपेक्षा जास्त.

प्रकार काय ते मला लगेच कळलं. ती कार्डं कधीकाळी कुणी अल्बममध्ये चिकटवलेली असायची, ओरबाडून काढताना कोपरे जायचे. याआधीही एकदोन कार्डांचे कोपरे दुमडलेले होते, पण ती माझ्या हातात पडली होती. मी मागच्या दाराबाहेर जाऊन बघितलं. सकाळपासून पाऊस होता. बरेचसे तुकडे जाळीवाटे गटारात वाहून गेले होते. दोनचार सापडले, त्यांची शाई धुऊन गेलेली. एका तुकड्यावर मोटेलच्या तलावाचा निळा रंग तेवढा शाबूत होता.

संध्याकाळी नवरा घरी आला आणि ऐकून हसत सुटला. “आईंनी दादाचं आयुष्य वाढवलं,” म्हणाला. आईला हसू येईना. तिनं मला बाजूला घेऊन शपथ घातली. “हे त्याच्या कानावर घालायचं नाही. जित्या पोराचं मी सुतक धरलं, हे त्याला कधी कळता कामा नये.” मी म्हटलं, “नाही कळणार.” मला तरी कुठे सांगायचं होतं?

तेवढ्यात फोन वाजला. दादाच होता. वहिनीनं स्वप्नाचं सांगितलं, म्हणून आईशी बोलायला. मी सिंकपाशी भांडी पुसत उभी होते. आईचा आवाज कापत होता, पण तिनं छान निभावलं. जेवलास का, झोप लागते का, सगळं विचारलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळली आणि कुजबुजली, “कार्ड मिळालं का, विचारतोय.”

“हो म्हण,” मी म्हटलं.

“मिळालं की, मिळालं,” आई फोनमध्ये म्हणाली. पुन्हा हात ठेवला. “तू वाचून दाखवलंस का, विचारतोय.”

मी होकाराची मान हलवली. “तिनंच तर वाचून दाखवलं,” आई म्हणाली. “सगळं वाचलं. छान होतं.” मग नुसतीच ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, “एकदम गप्पच झाला गं. लाईन खराब असेल.”

त्याच आठवड्यात आईनं उत्तर सांगितलं आणि मी लिहिलं. “तुझं कार्ड मिळालं. चित्र फार सुरेख होतं.” ओळीमागून ओळ मी तिच्या तोंडची उतरवत गेले. पत्र संपलं तेव्हा पेन खालच्या कोऱ्या जागेवर थांबलं. त्या कार्डाच्या तळाशी वाचणाऱ्यास काय होतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मी दुसरा विचारच केला नव्हता. पण विचारणार कसं? विचारलं की कार्ड कुठे गेलं ते सांगणं आलं, आणि आई समोर बसली होती. “झालं का? चिकटव,” ती म्हणाली. मी चिकटवलं. म्हटलं, असेल मोज्यांचंच काहीतरी. पुढच्या कार्डावर पुन्हा लिहीलच तो.

दिवाळी आली. बेलग्रेव्ह रोडवर दिव्यांच्या माळा लागल्या, आम्ही पणत्या आणल्या, मुलीनं खिडकीत लावल्या. भाऊबीजेला आकाश चक्क मोकळं होतं. मी ताट घेऊन मागच्या गार्डनमध्ये गेले. कोर दिसत होती. पण त्या वर्षी माझा हात वर होईना. लाजच वाटली. त्या फोननंतर, दादा गेला असं अर्धा तास खरं मानल्यावर, हे नाटक कसलं करतेय मी? तशीच आत आले. फोनपाशी उभी राहिले. तिकडे सकाळ असेल, तो कामावर असेल, वहिनीशी काय बोलायचं, म्हणून नाही केला.

पुढचं कार्ड डिसेंबरात आलं. एका दीपमाळेसारख्या उंच मनोऱ्याचं चित्र होतं. कोपरे चारही शाबूत. मी आधी तळ बघितला. तिथे काही नव्हतं. मजकूर नेहमीचा, नमस्कार, मैल, तब्येतीला जप, आणि त्याखाली कोरा खरखरीत कागद. त्यानंतरच्या कार्डावरही नाही. त्यानंतरच्याही नाही. “वाचणाऱ्यास” बंद झालं ते झालंच. मला झोंबलं. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि यानं दार लावलं? गेला उडत, म्हटलं मी. तू शेर तर मी सव्वाशेर. मीही पत्राखाली पुन्हा काही लिहिलं नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, वहिनीचा फोन आला. दादा वीजकेंद्राच्या कार पार्कमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता कोसळला. हार्ट. या वेळी कार्ड नव्हतं आणि गैरसमजही नव्हता. माझा पासपोर्ट अजून भारतीय होता. अमेरिकेचा व्हिसा काढायला लंडनला जायचं, मध्ये शनिवार-रविवार, तिकडे तर तिसऱ्या दिवशी सगळं उरकणार. मी वहिनीला म्हटलं, “मला येता येणार नाही.” मग व्हिसाचं सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, “राहू द्या हो, समजतं मला. तुम्ही आईंना सांभाळा.” तिनं मला कारण सांगू दिलं होतं, पुरतं ऐकून घेतलं होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, “हे मी केलं.” मला आधी कळेना. “त्याचं सुतक मी दोन वर्षं आधीच धरलं. जित्या पोराच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं. मग तो राहील कसा?” मी तिला हृदयाच्या रक्तवाहिन्या समजावल्या, वडिलांचं तेच होतं हे सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. तोवर तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिनं चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, “तू डॉक्टर आहेस, तुला काय कळणार?” मग जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. मँटलपीसवरची कार्डं तिनं माझ्याकरवी उतरवून ठेवली. दुसऱ्या डोळ्याची तारीख आली तर नको म्हणाली. आता बघायचंय काय, म्हणे.

त्या उन्हाळ्यात वहिनी आली, पुण्याला जाताना वाटेत चार दिवस. पांढरी पडली होती, पण आईजवळ बसायची, तिचे पाय चेपायची, दादाच्या बारीकसारीक गोष्टी सांगायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा टाकायला किचनमध्ये गेले, तर ती मागोमाग आली. बाहेरच्या खोलीत आई खुर्चीत बसली होती. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून तिचे कान फार तिखट झाले होते, म्हणून वहिनी हळूच बोलली.

“एक सांगू का? मनात राहिलंय. त्या दिवाळीला तुम्ही नको म्हणालात, पण ह्यांनी त्याचा राग नाही धरला. शेवटपर्यंत नाही.”

“कुठल्या दिवाळीला?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. “लंडनला कॉन्फरन्स होती ना ह्यांची. कार्डावर लिहिलं होतं की. भाऊबीजेला येऊ का, आणि उत्तर आलं नाही तर मी काय ते समजेन. मी म्हटलं, असं कुणी कार्डावर विचारतं का, सरळ फोन करा. तर म्हणाले, फोनवर तिला नाही म्हणणं जड जाईल. कार्डाला नुसतं गप्प राहता येतं.”

मी गॅसकडे बघत उभी होते. चहा वर आला होता.

“मग ह्यांनी फोनवर आईंना विचारलं, तर तुम्ही वाचलंय असं कळलं. पुढे पत्र आलं, चित्र सुरेख होतं म्हणून. हे ते पत्र उलटंसुलटं करून बघत बसले, खाली काही लिहिलंय का ते. तरी गेलेच लंडनला. भाऊबीजेच्या दिवशी सेंट पँक्रास स्टेशनवर जाऊन लेस्टरचं तिकीट काढलं, आणि बाकावर बसून राहिले. एक गाडी गेली, दुसरी गेली. संध्याकाळी हॉटेलवर परत आले. मला सांगताना हसत होते, पण मला कळतं ना.”

एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, ते कार्ड मी बघितलंच नाही, माझ्या हाती यायच्या आधी फाटलं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी उघड्या दारातून बाहेर बघितलं. आईनं मान आमच्या दिशेला वळवली होती. आपण पोराचा जीव घेतला असं ती रोज मानत होती. आता वर हेही कळायचं होतं का, की तो दारापर्यंत येत होता आणि त्याला तिनंच फिरवलं? ते ऐकून ती आठवडाभर जगली नसती. मी चहा गाळला. तीन कपांत सारखा गाळला.

“रागावणार नसाल तर एकच विचारते,” वहिनी म्हणाली. “इतका राग होता तुम्हाला?”

“होता,” मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. “हे म्हणायचे, तिचा राग म्हणजे दूध उतू जाणं. गॅस बारीक केला की खाली बसतं. म्हणूनच गेले होते ते.”

“त्या खेपेला नाही बसला,” मी म्हटलं, आणि आईचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.